मनातली खोली: सिएनाच्या संत कॅथरिनचे जीवन आणि साधना

सिएनाच्या संत कॅथरिनला अवघे ३३ वर्षांचे आयुष्य लाभले. त्या आयुष्यात तिच्याकडे कोणतेही पद नव्हते. ती मठाची प्रमुख नव्हती, राजघराण्यातली किंवा उमरावाच्या घरातली नव्हती. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. कापड रंगवणाऱ्या एका कारागिराची ती मुलगी. तरीही दोन पोपना तिने त्यांचे कर्तव्य स्पष्ट शब्दांत लिहून कळवले, राजे-राण्यांची कानउघाडणी केली, भाडोत्री फौजेच्या सेनापतीला लूटमार थांबवायला सांगितले. तुरुंगातल्या कैद्यांना आणि पेरुजातल्या एका वेश्येलाही तिने तितक्याच आपुलकीने पत्रे धाडली. एवढा अधिकार तिला कुणी दिला? तिच्या चरित्राशी ओळख झालेल्या माणसाला आधी हाच प्रश्न पडतो. माझ्या मते तिची सारी साधना हेच त्याचे उत्तर आहे, आणि ते उलगडून दाखवणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

मराठी वाचकासाठी आधी एक खुलासा करायला हवा. जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल संत कॅथरिनच्या नावाचे आहे, हे अनेकांना ठाऊक असते. ती कॅथरिन वेगळी. ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची, परंपरेप्रमाणे चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झालेली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकला, म्हणून तिथले मुख्य चर्च तिला वाहिले गेले. आपली कॅथरिन इटलीतली आणि चौदाव्या शतकातली. १५४८ साली गोव्यात आलेले डॉमिनिकन धर्मगुरू ज्या संघाचे, त्याच संघाच्या परिवारात ती वाढली. मुंबईत वांद्र्याला तिच्या नावाची शाळा आहे. पण तिच्या शब्दांशी आपला परिचय अजून तोकडाच आहे.

सिएना हे टस्कनी प्रांतातले टेकड्यांवर वसलेले शहर. तिथल्या सावकारी पेढ्यांचे नाव एके काळी युरोपभर होते. शहराच्या उतारावर फोंतेब्रांदा नावाचा कमानींचा मोठा पाणवठा आहे. रंगारी आणि चामडे कमावणारे यांना भरपूर पाणी लागते, म्हणून त्यांची वस्ती या पाणवठ्याभोवती असे. वर टेकडीवर सॅन डोमेनिकोचे विटांचे भव्य चर्च. जाकोमो बेनिंकासा याचे घर आणि रंगशाळा याच उतारावर होती. परंपरा सांगते की २५ मार्च १३४७ रोजी त्याची बायको लापा हिला जुळ्या मुली झाल्या. त्यांतली एक लवकरच गेली, दुसरी कॅथरिन. लापाला झालेल्या पंचवीस मुलांपैकी ती शेवटच्या काहींमधली.

तिच्या जन्मानंतर वर्षभरातच, १३४८ मध्ये, प्लेगची महासाथ सिएनात पोहोचली. शहरातली निम्मी किंवा त्याहूनही अधिक माणसे गेली, असे मानले जाते. अन्योलो दी तुरा या तिथल्याच बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हाताने पुरल्याची नोंद केली आहे. सिएनाच्या लोकांनी १३३९ मध्ये आपल्या कॅथेड्रलचा प्रचंड विस्तार हाती घेतला होता. साथीनंतर तो सोडून द्यावा लागला आणि त्याची एकटी उंच भिंत आजही तशीच उभी आहे. कॅथरिन वाढली ती या भिंतीच्या गावात. घराघरांत रिकाम्या जागा होत्या, राज्यकारभार पुन्हा पुन्हा उलथत होता, बंदोबस्ताअभावी भाडोत्री टोळ्या मुलूख लुटत होत्या. पोप तर १३०९ पासून रोम सोडून फ्रान्सच्या दक्षिणेला आव्हिन्यॉनला राहत होते. तिच्या लिखाणात रक्त, आग आणि तातडी इतकी का आहे, हे या पार्श्वभूमीवर कळते.

सहा वर्षांची असताना ती भाऊ स्तेफानोबरोबर थोरल्या बहिणीच्या घरून परतत होती. वाटेत सॅन डोमेनिकोच्या वर आकाशात तिला येशू ख्रिस्ताचे दर्शन झाले, असे तिचे चरित्रकार सांगतात. सातव्या वर्षी तिने आयुष्यभर अविवाहित राहून देवाची होण्याचे व्रत घेतले. आईवडिलांचे बेत अर्थातच निराळे होते. तिची लाडकी बहीण बोनाव्हेंतुरा १३६२ मध्ये बाळंतपणात गेली, आणि त्यानंतर कॅथरिनच्या लग्नाचा विषय घरात अधिकच जोर धरू लागला. तिने आपले लांब केस कापून टाकून उत्तर दिले. घरच्यांनी शिक्षा म्हणून तिची स्वतंत्र खोली काढून घेतली आणि मोलकरणीची सगळी कामे तिच्यावर टाकली. स्वयंपाक, धुणी, झाडलोट यांतून तिला प्रार्थनेला उसंत मिळू नये, असा हेतू होता.

इथे तिच्या साधनेचा पाया घातला गेला. जी खोली कुणालाही काढून घेता येणार नाही, अशी एक खोली तिने मनात बांधली आणि तिच्यातून बाहेर न पडण्याचा निश्चय केला. वडिलांना वाढताना आपण येशूला वाढतो आहोत, आईची सेवा म्हणजे पवित्र मरियेची सेवा, आणि भाऊ व घरातली गडीमाणसे म्हणजे प्रेषित, अशी भावना धरून ती दिवसभर राबत असे. त्यामुळे शिक्षेचे स्वयंपाकघर हेच तिचे देवघर झाले. पुढे तिचे धर्मगुरू कामाच्या रगाड्याबद्दल तक्रार करू लागले, तेव्हा तिने त्यांनाही मनात अशीच खोली बांधण्याचा सल्ला दिला. तिच्या पत्रांत ही खोली सारखी येते. ती तिला स्वतःच्या ज्ञानाची खोली म्हणते आणि लगेच जोडते की तिथे देवाचेही ज्ञान हवे. माणूस नुसता स्वतःकडे पाहत बसला तर निराश होतो, आणि स्वतःला न ओळखता देवाच्या दयेवर विसंबला तर उद्दाम होतो. दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी. मी आपल्या बळावर काहीच नाही, आणि तरीही देवाने मला प्रेमाने अस्तित्वात आणले, या दोन जाणिवा तिने आयुष्यभर एकत्र धरल्या.

शेवटी जाकोमोने घरच्यांना बजावले की मुलीला तिच्या मार्गाने जाऊ द्या. तिला डॉमिनिकन संघाशी जोडलेल्या मान्तेल्लाते या स्त्रियांच्या गटात जायचे होते. या स्त्रिया पांढरा झगा आणि त्यावर काळा अंगरखा घालत, आपापल्या घरी राहत, प्रार्थना आणि सेवा करत. त्या बहुतेक विधवा असल्याने तरुण कुमारिकेला घ्यायला त्या बिचकत होत्या. लापा सुरुवातीला या बेताच्या पूर्ण विरोधात होती. मुलीचे मन रमावे म्हणून तिने तिला बान्यो व्हिन्योनीच्या गरम पाण्याच्या कुंडांवरही नेले. पण मुलगी आजारी पडून हट्टाला पेटली, तेव्हा लापानेच जाऊन त्या स्त्रियांना गळ घातली. कॅथरिनच्या आयुष्यातली ही आई फार जिवंत आहे. ती मोठ्याने रडते, भांडते, मुलीला सोडायला तयार होत नाही. शेवटी तीही तोच काळा अंगरखा घेते आणि मुलीच्या मागे बरीच वर्षे जगते. चरित्र लिहिणाऱ्यांना बालपणीच्या कितीतरी गोष्टी तिच्याकडूनच मिळाल्या.

अंगरखा मिळाल्यावर सुमारे तीन वर्षे कॅथरिन घरातल्या एका लहानशा खोलीत मौनात राहिली. मिस्सासाठी चर्चला जाण्यापुरतीच ती बाहेर पडे. याच काळात ती वाचायला शिकली. १३६८ च्या सुमारास, शहर आनंदोत्सवात दंग असताना, येशू ख्रिस्ताने तिला अंगठी घालून आपली वधू केल्याचा अनुभव तिला आला. इथे गोष्ट संपली असती, तर ती मध्ययुगातल्या अनेक एकांतवासी स्त्रियांपैकी एक ठरली असती. पण या अनुभवानंतर तिला आज्ञा झाली ती दार उघडून बाहेर जाण्याची. ती घाबरली, रडली, मी बाई माणूस आहे म्हणाली, आणि तरीही घरच्यांच्या पंगतीत जाऊन बसली. पुष्कळ लेखक तिच्या आयुष्याचे दोन भाग पाडतात: आधी एकांत, मग लोक. मला ही विभागणी पटत नाही. बाहेर गेली तेव्हा ती मनातल्या खोलीसह बाहेर गेली. तिच्या बोलण्यातला निर्भयपणा त्या खोलीतला होता. ज्याला आपण काही नाही हे ठाम कळले आहे, त्याच्याकडून कुणाला काय हिरावून घेता येणार?

सुरुवात झाली ती आजाऱ्यांपासून. सिएनाच्या कॅथेड्रलसमोर सांता मारिया देल्ला स्काला हे मोठे रुग्णालय होते. तिथे आणि घरोघर ती शुश्रूषेला जाऊ लागली. महारोग झालेल्या एका बाईची सेवा ती करी आणि ती बाई तिला शिव्या घाली. स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीने तर तिच्या चारित्र्याबद्दल अफवा पसरवल्या. कॅथरिन दोघींकडे जातच राहिली. १३७४ मध्ये प्लेग परतला, तेव्हा तिच्याच घरातली मुले दगावली. तिने त्यांना स्वतः पुरले आणि पुन्हा रोग्यांकडे गेली. दुसऱ्यासाठी केलेले काम हे देवाचेच काम, हे तिने आधी हातांनी शिकले आणि मग ग्रंथात सांगितले.

तिच्याभोवती हळूहळू माणसे जमली. त्यांत धर्मगुरू होते, उमरावांची मुले होती, कवी, चित्रकार, विधवा होत्या. वयाने मोठी असलेली माणसेही तिला आई म्हणत. नेरी दी लांदोच्यो, स्तेफानो माकोनी आणि बार्दुच्चो कानिजानी हे तरुण तिचे लेखनिक झाले. १३७४ मध्ये डॉमिनिकन संघाने तिला फ्लॉरेन्सला बोलावून घेतले आणि त्याच सुमारास कापुआचे रेमंड हे विद्वान धर्मगुरू तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक नेमले गेले. ते तिच्याहून वयाने आणि विद्येने मोठे होते, पुढे सबंध डॉमिनिकन संघाचे प्रमुख झाले. पण या नात्यात कोण कुणाला शिकवत होते, हे सांगणे कठीण आहे. १३७८ मध्ये पोप झालेल्या सहाव्या उर्बन यांनी रेमंडना फ्रान्सला पाठवले आणि वाटेत दबा धरलेल्या शत्रूंची बातमी ऐकून ते मागे फिरले, तेव्हा कॅथरिनने त्यांच्या भित्रेपणाबद्दल त्यांना धारदार पत्र लिहिले. त्या पत्रातला राग आणि माया वेगळी काढता येत नाही.

तिची सुमारे ३८० पत्रे आज उपलब्ध आहेत. ती टस्कनीच्या बोलीत, बहुतेक सगळी तोंडी सांगितलेली. पत्राची घडण ठरलेली असते. आरंभी ती स्वतःला येशूच्या सेवकांची दासी म्हणवते, त्याच्या मौल्यवान रक्तात आपण लिहीत आहोत असे सांगते, आणि मग समोरच्या माणसात कोणता सद्गुण पाहण्याची आपल्याला ओढ लागली आहे ते स्पष्ट करते. त्यानंतर सगळे पत्र त्या सद्गुणावर चालते. पोपकडून तिला धैर्य हवे असते, राणीकडून सत्याची चाड, कैद्याकडून धीर. व्यक्ती बदलते तसा सूर बदलतो, पण कुणापुढे तो खाली येत नाही. आव्हिन्यॉनच्या प्रवासात आई मागे झुरते आहे हे कळल्यावर तिने लापालाही लिहिले. माझ्या देहाची आई आहेस, तशी माझ्या आत्म्याचीही हो, अशा आशयाचे ते पत्र आहे. पोटच्या मुलीने आईला असे लिहिणे सोपे नसते.

एक पत्र मात्र साऱ्यांहून निराळे आहे. पेरुजाचा निक्कोलो हा तरुण सिएनात राजकीय गुन्ह्यासाठी मृत्युदंडाला पात्र ठरला होता. तो संतापाने आणि भीतीने भरलेला होता. कॅथरिन तुरुंगात त्याच्याकडे गेली. त्याने पापनिवेदन केले, तिच्याबरोबर मिस्साला गेला, आणि शेवटच्या घटकेला तू जवळ राहा एवढेच मागितले. ठरल्या वेळी ती वधस्तंभापाशी आधी जाऊन थांबली. तिने स्वतःची मान त्या ठोकळ्यावर ठेवून पाहिली. तो आला, शांतपणे झुकला, आणि कुऱ्हाड पडली तेव्हा त्याचे मस्तक तिने आपल्या हातांत घेतले. हे सारे तिने रेमंडना कळवले. तिच्या अंगरख्यावर उडालेले रक्त धुवायला ती तयार नव्हती. आजच्या वाचकाला हे पत्र हादरवते. तिच्या साधनेतले रक्त हे प्रतीक कोरडे नाही, याचा याहून मोठा पुरावा नाही. येशूच्या रक्ताबद्दल ती बोलते, तेव्हा एका मरणाऱ्या मुलाचा हात तिने धरलेला असतो.

१३७५ मध्ये फ्लॉरेन्स आणि पोप अकरावे ग्रेगरी यांच्यात युद्ध पेटले. पोपने फ्लॉरेन्सवर धर्मबंदी घातली, तिथे सार्वजनिक उपासना थांबल्या. मध्यस्थी करण्यासाठी कॅथरिन जून १३७६ मध्ये आव्हिन्यॉनला पोहोचली. ती टस्कनीच्या बोलीत बोले, पोप लॅटिनमध्ये, आणि रेमंड मध्ये दुभाष्या. विद्वान धर्माधिकाऱ्यांनी तिची कसून तपासणी केली आणि तिच्यात खोट सापडली नाही. फ्लॉरेन्सची शिष्टाई मात्र साधली नाही, कारण फ्लॉरेन्सच्या नव्या दूतांनी तिच्या बोलण्याला पाठिंबा दिला नाही. पण पोपने रोमला परतावे, हा तिचा दुसरा आग्रह फळला. १३ सप्टेंबर १३७६ रोजी ग्रेगरींनी आव्हिन्यॉन सोडले आणि १७ जानेवारी १३७७ रोजी ते रोममध्ये शिरले.

या घटनेचे सारे श्रेय कॅथरिनला देण्याची प्रथा आहे. ती इतिहासाशी पूर्ण प्रामाणिक नाही. ग्रेगरींच्या मनात परतण्याचा विचार आधीपासून होता. इटलीतली चर्चची राज्ये हातची जात होती. स्वीडनच्या संत ब्रिजिट यांनीही १३७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत हाच आग्रह धरला होता. अडचण होती ती पोपच्या डळमळीत स्वभावाची आणि परतीला विरोध करणाऱ्या फ्रेंच कार्डिनलांची. कॅथरिनने नवी कल्पना दिली नाही. जे योग्य आहे असे त्यांना आधीच कळले होते, ते करण्याचे बळ तिने त्यांना दिले. मला हे काम लहान वाटत नाही.

पुढच्या वर्षभरात ती सिएनाच्या दक्षिणेला व्हाल दोर्चाच्या खोऱ्यात सालिंबेनी घराण्यातले भांडण मिटवायला गेली. तिथेच आणि त्यानंतरच्या महिन्यांत तिचा मुख्य ग्रंथ आकाराला आला. तो आज 'संवाद' या नावाने ओळखला जातो. तो तिने भावसमाधीत पाच दिवसांत सांगितला, अशी कथा रूढ आहे. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकांनी मात्र दाखवले आहे की हे काम जवळपास वर्षभर चालले, आणि तिने पुन्हा पुन्हा त्यात भर घातली. १६७ प्रकरणांच्या या ग्रंथात एक आत्मा देवाकडे मागणी करतो आणि देव उत्तर देतो.

ग्रंथाच्या मध्यभागी पूल आहे. पापामुळे स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामधला रस्ता तुटला आणि खाली खवळलेली नदी वाहू लागली. येशू ख्रिस्त हा त्या नदीवरचा पूल. तीन पायऱ्यांनी त्यावर चढायचे: क्रुसावरचे पाय, मग भाल्याने उघडलेली कूस, मग मुख. पायांशी माणसाच्या वासना स्वच्छ होतात, कुशीत देवाच्या हृदयाचे गुपित कळते, मुखाशी शांती मिळते. हा पूल भिंतींनी बंदिस्त आणि वर छप्पर असलेला आहे, आणि त्यावर प्रवाशांना अन्न देणारे दुकानही आहे. ते अन्न म्हणजे पवित्र कम्युनियन, मिस्सात मिळणारी भाकर. फ्लॉरेन्सचा दुकानांनी गजबजलेला जुना पूल तिच्या जन्माच्या थोडे आधी नव्याने बांधून झाला होता आणि तिने तो पाहिला होता. रंगाऱ्याच्या मुलीने धर्मशास्त्राचा सर्वांत अवघड विषय रोजच्या रहदारीतून समजावून दिला.

ग्रंथातला दुसरा मोलाचा विचार शेजाऱ्याचा. देवाचे प्रेम आपल्यावर निखळ, न मागता मिळालेले. ते तसेच परत करणे आपल्याला शक्य नाही, कारण आपण आधीच त्याचे ऋणी आहोत. म्हणून देवाने आपल्यामध्ये दुसरी माणसे ठेवली. त्यांच्यावर निरपेक्ष प्रेम करून ते ऋण फेडायचे. प्रत्येक सद्गुण शेजाऱ्याच्या मार्फतच जन्मतो आणि प्रत्येक दुर्गुणाचा घावही शेजाऱ्यावरच पडतो. कठोर देहदंड हे केवळ साधन आहे, त्यालाच ध्येय मानणारा माणूस फसतो, असेही ती बजावते. धर्मगुरूंच्या लोभाबद्दल आणि अनाचाराबद्दल या ग्रंथात फार जळजळीत पाने आहेत. तरी त्यांच्या हातून मिळणाऱ्या संस्कारांबद्दलचा आदर ती कुठेच सोडत नाही. दोष दाखवणे आणि एकनिष्ठ राहणे तिच्यात एकत्र नांदतात.

तिच्या शेवटच्या दोन वर्षांवर दुःखाची छाया आहे. १३७८ च्या जूनमध्ये फ्लॉरेन्सच्या दंगलीत तिला ठार मारायला जमाव आला आणि ती बचावली. हौतात्म्य हुकल्याचे तिला वाईट वाटले. मार्चमध्ये ग्रेगरी वारले होते. त्यांच्या जागी आलेले सहावे उर्बन सुधारक होते, पण फार तापट. सप्टेंबरमध्ये नाराज कार्डिनलांनी जिनिव्हाच्या रॉबर्ट यांना सातवे क्लेमेंट म्हणून निवडले आणि कॅथॉलिक चर्च दुभंगले. ज्या परतीसाठी कॅथरिन झटली, तिच्या पाठोपाठ हे घडले. उर्बननी तिला रोमला बोलावले आणि ती गेली. नाताळात तिने त्यांना पाकवलेली, सोन्याचा वर्ख लावलेली संत्री भेट पाठवली आणि सोबत पत्र लिहिले. संत्र्याचा कडवटपणा पाण्याने काढून त्यात साखर कशी भरतात हे सांगून, पोपनी आपल्या स्वभावाचेही तसेच करावे, असे तिने सुचवले. उर्बनचा स्वभाव काही बदलला नाही.

१३८० च्या आरंभी ती रोज चालत संत पीटरच्या चर्चला जाई आणि चर्चच्या ऐक्यासाठी प्रार्थना करी. सारे चर्चरूपी जहाज आपल्या खांद्यांवर टेकले आहे, असा अनुभव तिला तिथे आला. त्यानंतर तिचे शरीर ढासळले. २९ एप्रिल १३८० रोजी ती वारली. दुही संपायला १४१७ साल उजाडावे लागले.

या आयुष्यातल्या अवघड गोष्टी झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. कॅथरिनने वर्षानुवर्षे फार कमी खाल्ले, काही काळ तर पवित्र कम्युनियनखेरीज तिच्या पोटात अन्न टिकेना. अखेरीस तिने पाणीही सोडले. तिच्या मृत्यूला हा उपवास कारणीभूत होता. १९८५ मध्ये इतिहासकार रुडॉल्फ बेल यांनी याकडे आजार म्हणून पाहिले. १९८७ मध्ये इतिहासकार कॅरोलिन वॉकर बायनम यांनी त्यामागचा त्या काळच्या स्त्रियांचा धार्मिक अर्थ शोधला. दोघांचेही म्हणणे विचारात घ्यावे, पण तिचा उपवास हा अनुकरणाचा आदर्श नव्हे. तिने स्वतः दुसऱ्यांना असे करण्यापासून परावृत्त केले. तसेच, ग्रेगरींच्या धर्मयुद्धाच्या योजनेला तिचा उत्साही पाठिंबा होता. लुटारू फौजांचा इंग्रज सेनापती जॉन हॉकवुड यालाही ख्रिस्ती मुलूख सोडून त्या मोहिमेवर जा, असे तिने लिहिले. शांततेसाठी झटणाऱ्या या स्त्रीची शांतता तिच्या काळाच्या कुंपणात होती. हे मान्य करूनच तिच्यावर प्रेम करावे.

साधनांबद्दलही सावध राहावे. तिचे मुख्य चरित्र रेमंड यांनी १३९५ पर्यंत पूर्ण केले, आणि ते तिला संतपद मिळावे या हेतूने लिहिले. विसाव्या शतकात फ्रेंच इतिहासकार रॉबेर फॉटिए यांनी या चरित्रपरंपरेची कठोर तपासणी केली आणि तिच्या जन्मवर्षाबद्दलही शंका घेतली. इतर अभ्यासकांनी त्यांचे अनेक निष्कर्ष नाकारले, पण चरित्र आणि पत्रे यांचे वजन वेगळे आहे, हा धडा राहिला.

सिएनाचेच असलेले पोप दुसरे पायस यांनी १४६१ मध्ये तिला संत घोषित केले. १९३९ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसबरोबर तिला इटलीची आश्रयदाती संत ठरवण्यात आले. ४ ऑक्टोबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी तिला चर्चच्या आचार्यांत स्थान दिले. आठवडाभर आधी आविलाच्या संत तेरेजा यांना तो मान मिळाला होता. तोपर्यंत एकाही स्त्रीला तो मिळालेला नव्हता. १९९९ मध्ये ती युरोपच्या आश्रयदात्या संतांपैकी एक झाली. या साऱ्या गौरवाचा अर्थ एवढाच की शिक्षण आणि पद नाकारलेल्या एका स्त्रीकडे शिकवण्यासारखे होते, हे चर्चने सहाशे वर्षांनी अधिकृतपणे मान्य केले. तिच्या सिएनातल्या माणसांना ते ती जिवंत असतानाच कळले होते.

सुरुवातीचा प्रश्न आता सुटतो. तिचा अधिकार कुणी दिलेला नव्हता. स्वतःबद्दलचे खरे आणि देवाबद्दलचे खरे एकाच खोलीत रोज ऐकण्यातून तो आला, आणि रोगी, कैदी, आई, पोप अशा प्रत्येक समोरच्या माणसावर तो खर्च झाला. राजकारणात ती बहुतेक हरली. तिने घडवलेले समेट तुटले, तिने परत आणलेले पोपपद दुभंगले. तरी तिची शिकवण त्या पराभवांबरोबर बुडाली नाही, कारण ती यशावर उभी नव्हती.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. कॅथरिन वाचताना दर्शने आणि चमत्कार यांच्यापासून सुरुवात करू नका. आधी तिची पत्रे वाचा: निक्कोलोबद्दलचे, लापाला लिहिलेले, उर्बनना पाठवलेले. मग 'संवादा'तला पूल आणि शेजाऱ्यावरची प्रकरणे हळूहळू वाचा. तिचे चरित्र सर्वांत शेवटी घ्या. श्रद्धा असो वा नसो, या क्रमाने गेलात तर रंगाऱ्याची ही मुलगी तुमच्याशी थेट बोलेल, आणि ज्या माणसाकडे पाठ फिरवून तुम्ही बसला आहात त्याच्याकडे जायला सांगेल.